सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि विहीर : ठाणे जिल्ह्यातल्या गावाकडच्या व धरणाकाठच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे शहरात बटण दाबलं की मैला पालिकेच्या लाइनीत जातो आणि विषय संपतो. मुरबाड, शहापूरच्या वाड्यांमध्ये, येऊरच्या पाड्यांवर, बारवी-भातसा धरणांच्या फुगवट्याजवळ (अडलेलं पाणी पसरतं तिथे) बांधलेल्या सेकंड होममध्ये तो आपल्याच अंगणात राहतो. लहान घरांच्या बांधकामावर देखरेख करणं हे माझं काम. घराचा रंग आणि फरशी यांवर लोक तासन् तास बोलतात, पण टाकीबद्दल कुणी बोलत नाही; बोलतात ते थेट संडास तुंबल्यावर. तेव्हा जे प्रश्न येतात, तेच इथे घेतले आहेत.

सेप्टिक टँकमध्ये मैल्याचं नेमकं होतं काय?

जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट आणि हलका भाग वर तरंगतो आणि त्याची जाड साय धरते. मधल्या थरात पाणी असतं आणि तेच पुढे शोषखड्ड्यात जातं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करत राहतात, त्यामुळे गाळ कमी होतो, पण संपत नाही.

टाकी म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारं यंत्र, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला मैल्यासारखं नसतं, पण त्यात रोगजंतू असतात, जंतांची अंडी असतात, नायट्रोजन तर जवळपास सगळाच असतो. खरी गाळणी म्हणजे शोषखड्ड्याच्या भोवतालची माती. ती माती नीट नसेल किंवा पाण्याने भरलेली असेल, तर टाकी कितीही भक्कम बांधा, अर्धंच काम झालं.

आमची टाकी १५ वर्षांत एकदाही उपसली नाही. काही त्रास नाही. मग कशाला उपसायची?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो, आणि विचारणारा माणूस तो अभिमानाने विचारतो. १५ वर्षं टाकी भरली नाही याचे दोनच अर्थ निघतात. एक, टाकीचा तळ किंवा भिंत फुटलेली आहे आणि सगळं खाली जमिनीत जातंय. दोन, गाळ केव्हाच वरपर्यंत आला आहे आणि मैला न थांबता सरळ शोषखड्ड्यात जातोय. अनेक जुन्या टाक्यांना तळाला काँक्रीटच नसतं. गवंड्याने 'कधी भरणार नाही' म्हणून मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. ती सेप्टिक टँक नाहीच, तो नुसता खड्डा आहे.

त्रास आहे, पण तो तुमच्या संडासात दिसत नाही. उताराला ज्याची विहीर आहे, त्याच्या घरात दिसतो.

मग किती वर्षांनी उपसायची?

साधारण दोन ते तीन वर्षांनी. हे कुठून आलं ते सांगतो. सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक आहे, आयएस २४७०. त्यात पाच माणसांच्या घराला दोन वर्षांनी उपसायच्या हिशेबाने टाकीचं आतलं माप दिलं आहे : दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, आणि पाण्याची खोली एक मीटरपेक्षा थोडी जास्त. म्हणजे साधारण १,२०० लिटर. ढोबळमानाने माणशी वर्षाला ३० ते ४० लिटर गाळ साचतो. पाच माणसं धरली तर दोन ते पावणेतीन वर्षांत टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने व्यापला. तिथेच थांबायचं आणि गाडी बोलवायची.

टाकी मोठी असेल, घरात दोघंच असतील, तर वेळ लांबेल. २,००० लिटरपेक्षा मोठ्या टाकीला आत आडवी भिंत घालून दोन कप्पे करावेत, पहिला दोन तृतीयांश आणि दुसरा एक तृतीयांश. पहिल्या कप्प्यात बहुतेक गाळ अडतो, म्हणून तपासायचा तो पहिला.

गाळ किती साचलाय हे घरच्या घरी कसं कळेल?

काठीने. आम्ही आमच्या मुरबाडकडच्या घरी दर फेब्रुवारीत हे करतो. दीड पुरुष उंचीचा सरळ बांबू घ्यायचा, खालच्या निम्म्या भागाला जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळून सुतळीने बांधायचा. झाकण उघडलं की आधी अर्धा तास लांब उभं राहायचं. मग बांबू सावकाश सरळ खाली सोडायचा. वरची साय फोडताना भाकरीचा पापुद्रा फुटावा तसा तो आत जातो, मग मोकळा सरकतो, आणि तळाजवळ हाताला जड लागतं. तळ लागला की दोन-तीन मिनिटं तसाच धरायचा आणि हळू वर काढायचा. पंच्यावर खालून जिथपर्यंत काळा चिकट डाग, तिथपर्यंत गाळ. त्याच्या वर नुसता करडा ओलावा दिसतो, ते पाणी. गेल्या वेळी आमच्याकडे काळा डाग एक वीत भरला होता, म्हणून ते वर्ष सोडून दिलं.

हे करताना झाकणावर वाकायचं नाही, आत डोकावायचं नाही, जवळ बिडी-काडी पेटवायची नाही, कारण आतल्या वायूत मिथेन असतो. एकट्याने करायचं नाही. पोरांना लांब ठेवायचं. काम झालं की पंचा जमिनीत पुरायचा, हात साबणाने धुवायचे.

झाकण कुठे आहे तेच माहीत नाही. काय करू?

आमच्या घरी हेच झालं होतं. अंगणाला फरशी घालताना ठेकेदाराने टाकीची दोन्ही झाकणं फरशीखाली घेतली. दिसायला छान दिसलं. चार वर्षांनी संडास उलटला तेव्हा कुणाला जागा सांगता येईना, आणि निम्मं अंगण फोडावं लागलं. संडासाचा पाइप भिंतीतून कुठे बाहेर पडतो ते बघा, त्या रेषेत पुढे चेंबर आणि त्याच्या पुढे टाकी असते. सळईने ठोकत गेलं की पोकळ आवाज येतो.

सापडलं की झाकण जमिनीच्या वर चार बोटं उचलून घ्या, म्हणजे पावसाचं पाणीही आत जाणार नाही. घराच्या कोपऱ्यापासून टाकीपर्यंतचं अंतर टेपने मोजून मीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. टाकीवर गाडी उभी करू देऊ नका. पाहुण्यांची जड गाडी मागे घेताना स्लॅब खचल्याचं मी पाहिलेलं आहे.

उपसायला गावातला माणूस आत उतरायला तयार आहे. उतरवू का?

नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही.

गाळ हलला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड वायू एकदम सुटतो. कुजलेल्या अंड्याचा वास येतो तो याचाच. पण प्रमाण वाढलं की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद करतो. 'आता वास येत नाही, म्हणजे हवा मोकळी झाली' असं वाटतं, आणि नेमका तोच क्षण जीवघेणा असतो. माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१९च्या मे महिन्यात आपल्या ठाण्यात, ढोकाळीत, एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीची सफाई करताना तीन कामगार गेले. शहरात, दिवे-पंखे-लिफ्ट असलेल्या इमारतीत.

मेणबत्ती सोडून बघितली, रुमाल बांधला, दोरी बांधली, यातल्या कशाचाही उपयोग नाही. कायदाही स्पष्ट आहे. २०१३च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यात सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून टाकी साफ करून घेणं गुन्हा आहे, आणि तो काम देणाऱ्यावर लागतो, म्हणजे घरमालकावरही. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली.

पण कायद्याच्या भीतीने नको. उतरायला 'तयार' असलेला माणूस बहुतेक वेळा मजुरी बुडू नये म्हणून तयार असतो. आपण त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायचं नाही. सक्शनची गाडी बोलवा. १४४२० हा त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आणि कुणी आत पडलंच, तर स्वतः उतरू नका. १०१ किंवा ११२ला फोन करा, वरून दोरी किंवा शिडी सोडता आली तर सोडा, आणि बाकीच्यांना धरून ठेवा.

सक्शनची गाडी आली. आपण काय बघायचं?

पहिला प्रश्न ड्रायव्हरला : 'हे कुठे ओतणार?' उत्तर मैला प्रक्रिया केंद्र किंवा पालिकेचं मलनिस्सारण केंद्र असलं पाहिजे. 'बघतो कुठेतरी' असं उत्तर आलं तर गाडी परत पाठवा. रात्रीच्या अंधारात ओढ्यात, खाडीत, मोकळ्या शेतात ओतून जाणाऱ्या गाड्या आहेत, आणि मग आपण पैसे देऊन घाण फक्त दुसऱ्याच्या दारात पोचवली असं होतं. पावती मागा. शेतात ओतून खत करू, असं कुणी म्हणालं तरी ओला मैला भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. जंतांची अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात.

दुसरं, टाकी धुऊन पुसून कोरडी करू नका. तळाला बोटभर गाळ राहू द्या. दह्याला विरजण लागतं तसंच हे आहे, त्यावर पुढचे जिवाणू वाढतात. आयएस २४७०मध्येही किमान २५ मिलिमीटर गाळ मागे ठेवायला सांगितलं आहे. तिसरं, उपसल्यावर टाकी लगेच पाण्याने भरा.

विहिरीपासून किती लांब पाहिजे?

शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट. घरापासून किमान ६ मीटर. हे मानकातले आकडे झाले. आपल्याकडे मी त्यात दोन गोष्टी जोडतो.

एक, उतार. विहीर खाली आणि शोषखड्डा वर असेल तर ६० फुटांवर समाधान मानू नका. दोन, दगड. आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा, वर मुरमाचा थर. माती पाणी गाळते, पण दगडाची भेग गाळत नाही. भेग नुसती वाहून नेते. मुरूम आणि पाषाण यांच्या सांध्यातून पाणी लांब जातं, आणि पावसाळ्यात फार वेगाने जातं.

आमची विहीर आजोबांनी खणलेली. पाणी गोड, तळ दिसावा इतकं स्वच्छ. एका ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आले, तपासणीच्या छोट्या बाटलीत पाणी भरून झाकण लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली शाईसारखी काळी, म्हणजे पाण्यात मैल्यातले जंतू असल्याची खूण. आईचा विश्वास बसेना, तिने दुसरी बाटली भरायला लावली. तीही काळी. मग मी टेप घेतली आणि शोषखड्ड्याच्या कडेपासून विहिरीच्या काठापर्यंत मोजलं. ३६ फूट. दुसऱ्यांची घरं मोजत फिरणारा मी, आणि माझं स्वतःचं घर मोजायचं राहून गेलं होतं. घरातल्या लहान मुलाला दर पावसाळ्यात होणारे जुलाब आम्ही 'हवा बदलली' म्हणून सोडून देत होतो. तो शोषखड्डा बंद केला, नवा घराच्या दुसऱ्या बाजूला, विहिरीच्या खालच्या अंगाला घेतला, विहीर उपसून टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकलं. पुढच्या पावसाळ्यात बाटली काळी झाली नाही.

तुमच्याकडेही पावसाळ्यात एकदा तपासून घ्या. उन्हाळ्यातल्या तपासणीवर विसंबू नका. जलसुरक्षकांना सांगा, किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या मानकात १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (मैल्यातला जिवाणू) एकही चालत नाही आणि नायट्रेट (मैल्यातल्या नायट्रोजनपासून होणारं) लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही.

आमच्याकडे दोन फुटांखाली काळा दगड लागतो. शोषखड्डा मुरतच नाही.

खणण्याआधी चाचणी करा. शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत छोटा खड्डा घ्या, रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६०मध्ये शोषखड्ड्याऐवजी उथळ लांब चर घ्या, त्यात खडी आणि भोकं पाडलेला पाइप. ६०च्या वर गेलं तर जमीन घेणारच नाही, खड्डा कितीही खोल करून उपयोग नाही. सुरुंग लावून खोल करणं तर सर्वांत वाईट, कारण भेगा उघडतात आणि पाणी थेट खालच्या झऱ्यात जातं. अशा जागी टाकीनंतर खडीची अपफ्लो फिल्टर टाकी, म्हणजे पाणी खालून वर चढत गाळलं जातं अशी, बांधून पुढे खडी-वाळूचा वाफा करून त्यात कर्दळ लावतात. कर्दळीला हे पाणी मानवतं. पण हे काम जाणकाराकडूनच आखून घ्या.

तलावाच्या किंवा धरणाच्या काठी घर असेल तर वेगळं काय?

भूजल वर असतं. फुगवट्याच्या बाजूला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चार-पाच फुटांवर पाणी लागतं. शोषखड्ड्याचा तळ त्या पाण्यात बुडाला की गाळणी संपली, मैलापाणी सरळ तलावात. म्हणून शोषखड्डा काठापासून जितका मागे आणि उंचावर नेता येईल तितका न्या. घर काठाला बांधलंत तरी टाकी मागच्या अंगाला घ्या. टाकीतून पाइप काढून तलावात सोडायला तर १९७४च्या जलप्रदूषण कायद्याने मनाईच आहे, आणि तरी काही बंगल्यांचे असे पाइप मी डोळ्यांनी बघितले आहेत.

जंतूंइतकंच वाईट म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. ते पाण्याला खत होतात. उल्हास नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला तुम्ही पाहिला असेल, त्यामागे हेच आहे. आणि लक्षात घ्या, बारवीचं पाणी एमआयडीसीतून अंबरनाथ-डोंबिवलीकडे जातं, भातसाचं मुंबई-ठाण्याकडे. शनिवारी ज्या घरात राहून तुम्ही सोमवारी ठाण्याला परतता, त्याच पाण्याचा नळ तुमच्या स्वयंपाकघरात असू शकतो.

प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी असेल तर पावसाळ्यात कधीही रिकामी करू नका. भोवतालचं पाणी तिला होडीसारखं वर उचलतं आणि पाइप तुटतात.

पावसाळ्यात संडास गुडगुड करतो, पाणी उतरत नाही. उपसू का?

आधी बघा की छपराची पन्हळ किंवा अंगणाचं पाणी चेंबरमध्ये येतंय का. अनेकदा तेच असतं. ते वळवा. त्यानंतरही तुंबत असेल तर शोषखड्डा भरलेल्या जमिनीत उभा आहे, आणि टाकी उपसून दोन-चार दिवसांचाच आराम मिळेल. पाणी कमी वापरा, पाऊस ओसरू द्या. उपसायचं काम फेब्रुवारी ते मे.

संडासात काय टाकू नये? आणि ती जिवाणूंची पावडर घ्यावी का?

सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, केस, सिगारेटची थोटकं, निर्माल्य, तळणीचं तेल, उरलेला भात. वाइप्सच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते विरघळत नाहीत. अ‍ॅसिडची आख्खी बाटली ओतू नका. संडासाचं भांडं घासायला वापरलेल्या नेहमीच्या क्लीनरने काही बिघडत नाही.

पावडर लागत नाही. मैल्यातच जिवाणू असतात. गूळ, यीस्ट, दर महिन्याला शेण, यानेही गाळ संपत नाही. फक्त नवी टाकी सुरू करताना ती पाण्याने भरून घेऊन त्यात कुजलेल्या शेणाचा काला टाकतात, तो उपयोगी पडतो.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत सोडायचं का?

जागा असेल तर नको. ते पाणी वेगळ्या छोट्या शोषखड्ड्याला किंवा केळी-अळूच्या आळ्याला द्या. टाकीत जितकं जास्त पाणी ओताल, तितका गाळ बसायला वेळ कमी मिळतो.

गणपतीत घरी ३० माणसं असतात. टाकी टिकेल?

पाच दिवसांसाठी टिकते, पण गाळ आधीच निम्म्यावर असेल तर घुसळून पुढे जातो. म्हणून त्या वर्षी उन्हाळ्यातच उपसून घ्या. सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी बाहेर वळवा, कपडे धुणं विसर्जनानंतर करा. फ्लशची टाकी गळत नाही ना तेही बघा. तिच्यात चिमूटभर हळद टाका, फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात पिवळं पाणी दिसलं तर गळतेय. थेंबथेंब गळतीनेही रात्रभरात कित्येक बादल्या पाणी टाकीत जातं.

वास येतो, डास होतात.

व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला वायू बाहेर सोडणारा पाइप, छपराच्या वर न्या आणि टोकाला जाळी बांधा. जाळी गंजून फाटते, दरवर्षी बदला. झाकणाच्या फटी सिमेंटने नव्हे, मातीच्या लगद्याने किंवा चुन्याने बुजवा, म्हणजे पुढच्या वेळी फोडावं लागणार नाही.

आमच्याकडे सरकारी योजनेतलं दोन खड्ड्यांचं शौचालय आहे. त्यालाही हेच लागू?

नाही. तिथे गाडीची गरज नाही. एक खड्डा भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला किमान दोन वर्षं बंद ठेवायचा. मग त्यात कोरडं, वास नसलेलं खत मिळतं. दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू ठेवले तर सगळा फायदा गेला, आणि हे अनेक घरांत झालेलं असतं. विहिरीच्या अंतराची काळजी मात्र इथेही घ्यायचीच.

गाडी आमच्या वाडीपर्यंत येत नाही, रस्ता अरुंद आहे.

बुकिंग करतानाच मुख्य रस्त्यापासून टाकीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून सांगा आणि जास्तीचा पाइप घेऊन यायला सांगा. एका घरासाठी यायला गाडीवाले कुरकुरतात. आमच्या वाडीत आम्ही सात घरांनी मिळून मार्चमधला एक रविवार ठरवला. ज्यांच्याकडे रस्ता नव्हता त्यांचा पाइप शेजारच्या काकांच्या परड्यातून नेला, आणि त्यासाठी त्यांनी आपलं कुंपण दोन तास उघडून दिलं.